फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात उंदीर

इंग्लंडमध्ये लीड्सला आलो तेव्हा घर दाखवताना रूममेटनं गीझर, वॉशिंग मशीन, कचऱ्याचे वार सगळं सांगितलं. साप पाळलाय तेही सांगितलं, काचेच्या पेटीतला कॉर्न स्नेक दाखवला. नारिंगी, अंगावर तांबडे ठिपके, चारेक फूट लांब, नाव बिस्किट. बिनविषारी. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, आपल्या धामणीच्या लांबच्या भावकीतला. राहिलं ते एकच सांगायचं. ते मला रात्री मटार काढायला फ्रीजर उघडला तेव्हा कळलं. खालच्या कप्प्यात पारदर्शक पिशवीत सहा पांढरे उंदीर, एकमेकांना चिकटून, शेपट्या सरळ.

बाबांचं सोलापुरात टिळक चौकाजवळ किराणा दुकान. रात्री शटर ओढण्याआधी पिंजऱ्यात भज्याचा तुकडा लावायचा आणि सकाळी अडकलेला उंदीर लांब नेऊन सोडायचा, हे काम लहानपणी माझ्याकडं होतं. इथं तोच प्राणी पैसे देऊन घेतात, तेही मापानुसार. नुकत्याच जन्मलेल्या, केस नसलेल्या पिल्लाला 'पिंकी', लव फुटली की 'फझी', पुढं 'हॉपर', मग पूर्ण वाढलेला. सापाच्या अंगाचा जो भाग सगळ्यात जाड, साधारण तेवढ्याच जाडीचा उंदीर द्यायचा. मोठ्या सापाला दहा-चौदा दिवसांतून एकदा. म्हणजे आपल्या एकादशीपेक्षा थोडी आधी येणारी पंचाईत.

जिवंत का देत नाहीत, हा माझा पहिला प्रश्न. जिवंत उंदीर सापालाच चावतो, डोळा फोडतो. शिवाय उंदराचे हाल. म्हणून कार्बन डायऑक्साइडनं मारून गोठवलेले विकतात.

पण फ्रीजर आमचा एकच होता. वर माझी कोथिंबीर, ओला नारळ, रविवारी केलेल्या पुरणपोळ्या, खाली ते सहा जण. (घरून आलेल्या कडक भाकरीचा आणि शेंगाचटणीचा फायदा तेव्हा कळला, दोघींनाही फ्रीजर लागत नाही.) मी किळस येते म्हणून कुरकुर केली, पण किळशीपेक्षा मोठं कारण आहे ते नंतर समजलं. या उंदरांत साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो. उंदीर दिसायला स्वच्छ असतो, सापही धडधाकट असतो आणि जुलाब-ताप माणसाला होतो. गोठवल्यानं साल्मोनेला मरत नाही, नुसता झोपतो. २०१० साली अमेरिकेत माणसं आजारी पडली म्हणून गोठवलेले उंदीर बाजारातून परत मागवावे लागले होते. त्याच्या आधी ब्रिटनमध्येही अशा उंदरांमुळं माणसं आजारी पडली होती. म्हणून शक्यतो वेगळा छोटा फ्रीजर, उणे अठरा अंशाला. तेवढी जागा नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, त्यावर तारीख, आणि खाण्याच्या वस्तूंना त्याचा स्पर्श नको. घरात पाच वर्षांखालचं पोर असेल तर त्याला उंदराला आणि सापालाही हात लावू द्यायचा नाही. माझ्या कटकटीनं शेवटी रूममेटनं एक छोटा फ्रीजर आणून स्वतःच्या खोलीत ठेवला.

ऑगस्टमध्ये तो दोन आठवडे सुट्टीवर गेला आणि बिस्किट माझ्या गळ्यात पडलं. खाऊ घालायचा दिवस माझ्या लक्षात राहिला, पण आदल्या रात्री उंदीर फ्रीजमध्ये काढून ठेवायचं विसरलो. ऑफिसातून आल्यावर घाईनं किटलीतलं उकळतं पाणी भांड्यात ओतलं आणि उंदीर त्यात सोडला. पाच मिनिटांत वरची कातडी शिजली, पोट फाटलं, आत दाबलं तर बर्फाचा खडा तसाच. आणि वास! तो वास मी लिहीत नाही, तुमची जेवणं व्हायची असतील. सगळं पिशवीत बांधून बाहेर टाकलं, भांडं ब्लीचनं धुतलं आणि तरीही फेकून दिलं.

बरोबर रीत अशी. आदल्या रात्री उंदीर बंद पिशवीत घालून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या खणात, डब्यात. ओट्यावर दिवसभर नाही, कारण बाहेरचा भाग कोमट होऊन तिथं जंतू वाढतात आणि आतला गारच राहतो. संध्याकाळी तीच पिशवी अर्धा तास हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात. मग पोट बोटांनी दाबून बघायचं, कुठं कडक गोळा लागला तर परत पाण्यात. मध्ये गार राहिलेला उंदीर साप उलटून टाकू शकतो. मायक्रोवेव्ह अजिबात नाही. एक तर तो कुठं शिजवतो, कुठं कच्चा ठेवतो, आणि त्यातच उद्या तुम्ही दूध तापवणार. भांडं, चिमटा, कात्री सगळं सापाचं वेगळं. एकदा पूर्ण वितळलेला उंदीर परत गोठवायचा नाही. सोलापुरात लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं, लाईट गेल्यावर आई आईस्क्रीमचं काय करायची ते आठवा.

दुसऱ्या वेळी सगळं जमलं. कोरड्या टिश्यूनं पुसलेला उंदीर लांब चिमट्यानं शेपटीजवळ धरून पेटीत हलवला. बिस्किटची जीभ दोनदा बाहेर आली, मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागं गेली, आणि मला काही दिसायच्या आत वेटोळं आवळलेलं होतं. मेलेल्या उंदराला! मग डोक्याकडून गिळायला सुरुवात. पुढचे दोन दिवस सापाला हात लावायचा नाही, नाहीतर खाल्लेलं उलटून पडतं. मी हात साबणानं तीनदा धुतले. एकदा नीट धुतले तरी पुरले असते.

तिसरी पाळी नेमकी नागपंचमीला आली. आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी चिमटा शोधत होतो.

"काय करायलास रे?"

"सापाला जेवण द्यायचंय."

"आज? आज आपण तवा ठेवत नाही, काही चिरत नाही. मी दिंडं उकडलीत. आणि तू उंदीर गरम करायलास?"

मी म्हटलं, आई, साप दूध पीत नाही, लाह्याही खात नाही. तिनं ते आधीच ऐकलेलं होतं, आमच्या गोदामात एकदा धामण निघाली तेव्हा आलेल्या सर्पमित्रानं सांगितलं होतं. त्यानंच हेही सांगितलं होतं, की १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडचा साप घरात ठेवणं गुन्हा आहे. तेव्हापासून आईला माझ्या रूममेटविषयी शंका.

"फ्रीजरमधून काढलाय का?"

"नाही. काल रात्री परत विसरलो."

"मग राहू दे की उद्यापर्यंत. एक दिवस उपाशी मरतंय का ते?"

मरत नाही. एक दिवस काय, चार दिवसही काही होत नाही. मी रूममेटला मेसेज केला, त्यानं अंगठा पाठवला. त्या रात्री उंदीर डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या खणात सरकवला आणि दुसऱ्या संध्याकाळी साडेसातला, म्हणजे सोलापुरात रात्रीचे बारा वाजलेले असताना, आईचा मेसेज आला: "जेवलं का ते?"