किसुमूच्या मुलांना उधळ्या पुत्राचा दाखला सांगताना

बडोद्याच्या मराठी मंडळीतून (चर्चमधून) केनियातल्या किसुमू शहरात मुलांचं शिबिर घ्यायला, सेवेसाठी निघणाऱ्या तरुणांना आम्ही आधीच सांगून ठेवतो: येशू कोण, हे तिथल्या मुलांना नव्याने सांगायला जाऊ नका. केनियात दहापैकी आठांहून जास्त लोक ख्रिस्ती आहेत. किसुमूच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला बायबलमधली वचनं आपल्या तरुण संघापेक्षा जास्त पाठ असतात. त्याचं ऐकून घेणारं, आणि ऐकल्यावर त्याला न दटावणारं मोठं माणूस मात्र त्याला कमी भेटतं. शिबिराची सगळी आखणी यावरून करायची.

महिना ऑगस्ट. केनियातल्या शाळांना एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबरात सुट्टी असते, पण एप्रिलमध्ये मोठा पाऊस असतो आणि मैदानावर काहीच करता येत नाही. तयारी मेपासून करावी लागते. पर्यटनाच्या ईटीएवर (ऑनलाइन मिळणाऱ्या प्रवेश-परवानगीवर) सेवा करायला जाऊ नये. पगार नसला तरी तिकडे ते कामच धरलं जातं, म्हणून यजमान मंडळीला स्पेशल पास (थोड्या काळासाठी काम करण्याचा परवाना) काढायला सांगा आणि तो हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि घेतल्यापासून दहा दिवसांनी ती ग्राह्य धरतात. पुष्कळांची गफलत इथेच होते. भारतातून केनियात शिरताना लसीचं कार्ड कोणी मागत नाही, म्हणून लस टाळली जाते आणि परतताना मुंबईला अडवतात. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. किसुमू मलेरियाच्या पट्ट्यात आहे. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलं, तर घरी परतल्यावरही चार आठवडे ते चालू ठेवायचं असतं. बडोद्याला पोचल्यावर गोळ्या बंद करणारे हमखास निघतात.

सामान कापडी पिशव्यांत भरा. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर तिथे २०१७पासून बंदी आहे, खाकऱ्यांची पाकिटं पिशवीत बांधून नेली तर ती पिशवी विमानतळावरच टाकावी लागते.

मुंबईहून नैरोबी साधारण सहा तास, पुढे बसने किसुमू साडेतीनशे किलोमीटर. रिफ्ट व्हॅलीचा उतार, मग नाकुरू, मग केरिचोचे चहाचे मळे. दिवस बसमध्येच जातो. किसुमूला पोचल्यावर समोर व्हिक्टोरिया सरोवर पसरलेलं दिसतं आणि उतरावंसं वाटतं. उतरू नका. किनाऱ्याच्या उथळ पाण्यात बिलहार्झिया या कृमींच्या रोगाचे जंतू असतात आणि ते कातडीतून शिरतात. मुलं पोहत असली तरी नाहीच. तळलेली टिलापिया (मासळी) आणि उगाली काठावर बसून खा. मक्याच्या पिठाची ही घट्ट उकड चिमटीने तोडून, अंगठ्याने खळगा करून तिच्यात भाजी उचलतात. भाकरी खाणाऱ्या हाताला ते दोन दिवसांत जमतं.

वेळ ठरवताना एकदा विचारून घ्या. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा म्बिली’ म्हणजे शब्दशः दोन, पण अर्थ सकाळचे आठ. मुलाने ‘सा नाने’ला येतो म्हटलं, तर तो दुपारी दोनला येणार. सगळ्या वेळा दोन्ही पद्धतींनी फळ्यावर लिहून ठेवा.

पालकांची लेखी संमती शिबिराच्या आधी हवी आणि ती स्थानिक पाळकांमार्फतच घ्यावी. २०२३च्या एप्रिलमध्ये किनारपट्टीजवळ शाकाहोलाच्या रानात मृतदेह सापडू लागले. एका उपदेशकाच्या सांगण्यावरून उपाशी राहून मेलेली ती माणसं होती, आकडा चारशेच्या वर गेला. त्यानंतर बाहेरून आलेल्या उपदेशकाकडे आईबाप डोळे बारीक करून बघणारच, आणि त्यांचं काही चुकत नाही. कोणत्याही खोलीत दोन मोठी माणसं, दार उघडं, मुलांशी रात्री खासगी मेसेज नाही. फोटोही संमतीशिवाय नाही.

आता दाखला. बायबलच्या लूक १५ मधली उधळ्या पुत्राची गोष्ट अशी: धाकटा मुलगा बापाकडून वाटणी घेऊन ती उधळतो, डुकरं राखायची पाळी आल्यावर घरी परततो, बाप त्याला जवळ घेतो आणि थोरला भाऊ रुसतो. ती आपण कीर्तनाच्या अंगाने सांगतो: टाळावर एक ओळ, थोडं निरूपण, मग आख्यान. मराठी मंडळीत हे मुरलेलं आहे आणि किसुमूतही चालतं, फक्त वीस मिनिटांत बसवायचं. मध्ये दुभाष्या असला की वीसातली दहाच आपली उरतात. मुलं शाळेत इंग्रजीत शिकतात, तरी दुभाष्या लागतोच. घरची भाषा धोलुओ, म्हणजे तिथल्या लुओ लोकांची भाषा आहे आणि बापाशी भांडण त्याच भाषेत होतं. दुभाष्याला गोष्ट आदल्या संध्याकाळी पूर्ण सांगा. ‘तारण’, ‘पश्चात्ताप’ असे शब्द आले की तो अडखळतो किंवा स्वतःचं प्रवचन सुरू करतो. ‘तो उठला आणि घराकडे चालू लागला’ एवढंच म्हणा.

लुओ घराची रचना माहीत असेल तर गोष्ट जास्त भिडते. वाडीच्या फाटकाजवळ वयात आलेल्या मुलाची वेगळी झोपडी असते, तिला ‘सिम्बा’ म्हणतात. आधी थोरल्याने बांधायची, मग धाकट्याने. बाप जिवंत असताना धाकट्याने वाटणी मागितली, हे वाक्य त्या अंगणात किती जड आहे, ते समजावून सांगावं लागत नाही. आख्यान डुकरांच्या कोंड्यापाशी थांबवा. आठ-आठ मुलांचे गट करा, प्रत्येकात एक स्थानिक ताई किंवा दादा, आणि प्रश्न एकच: या घरात तू कोण? थोरला भाऊ होणारी मुलं जास्त निघतात, त्यांना घाई करू नका. आपण गप्प बसायचं. ते जमत नाही, म्हणूनच आम्ही बडोद्याला त्याचाही सराव घेतो.

‘ज्याने येशूला स्वीकारलं त्याने हात वर करा’ हे करायचं नाही. पाहुण्याला बरं वाटावं म्हणून सगळे हात वर जातात, आणि ती संख्या अहवालात लिहिली की ते खोटं होतं. फुटबॉल, वह्या, बिस्किटं उपदेशाच्या तासाला वाटायची नाहीत. गुजरातच्या २००३च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात जबरदस्ती, आमिष आणि फसवणूक यांना बंदी आहे. केनियात तो लागू नाही, पण आमिष तिथेही आमिषच. वस्तू मंडळीच्या हवाली करा.

निघण्याच्या आदल्या दिवशी कोणत्या मुलाने काय विचारलं, ते त्याच्या परवानगीने गटाच्या ताई-दादाला सांगून टाका. टाळांच्या दोन जोड्या किसुमूलाच ठेवा, तिथल्या तरुणांना आधी लय शिकवून. दोरी सुती असू द्या, नायलॉनची घामाने घसरते.