कूपरच्या नोटांमागे: सेंट हेलेन्स ते टेना बार

मल्टनोमा धबधबा झाला, किनाऱ्यावरचा हेस्टॅक रॉक झाला, ट्युलिपची शेतं झाली, आता भारतातून आलेल्या आई-बाबांना कुठे न्यायचं? ओरेगनमधल्या पोर्टलंड, बीव्हरटन, हिल्सबरोकडच्या बऱ्याच मराठी घरांत हा प्रश्न उन्हाळ्यात पडतो. त्यावरचं हे एक वेगळं उत्तर. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं, खर्च पेट्रोलचा आणि पार्किंगचा, आणि दिवसभर भांडायला विषय मिळतो.

डी. बी. कूपरचं प्रकरण माहीत असेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. २४ नोव्हेंबर १९७१, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, पोर्टलंडच्या विमानतळावर एका माणसाने डॅन कूपर या नावाने सिॲटलचं वीस डॉलरचं तिकीट काढलं. नॉर्थवेस्ट ओरिएंट कंपनीचं फ्लाइट ३०५, बोइंग ७२७. बॅगेत बॉम्ब आहे असं त्याने हवाईसुंदरीला चिठ्ठीतून कळवलं आणि दोन लाख डॉलर व चार पॅराशूट मागितले. सिॲटलला पैसे मिळाल्यावर ३६ प्रवासी सोडले आणि वैमानिकांना मेक्सिकोच्या दिशेने निघायला सांगितलं. उंची १०,००० फुटांच्या आत, चाकं खाली, फ्लॅप १५ अंशांवर, सगळं त्याने ठरवून दिलं. रात्री आठच्या सुमाराला शेपटीखालचा जिना उघडल्याचा दिवा कॉकपिटमध्ये लागला आणि ८:१३ च्या आसपास शेपटीला हिसका बसला. रेनोला विमान उतरलं तेव्हा आत कूपर नव्हता. 'डी. बी.' ही आद्याक्षरं बातमीदारांच्या घोटाळ्यातून चिकटली, त्याने ती कधीच सांगितली नव्हती. एफबीआयने जवळपास ४५ वर्षं शोध घेतला आणि जुलै २०१६ मध्ये या प्रकरणाचा सक्रिय तपास थांबवला.

माझ्या बाबांना १९७१ आणि विमान म्हटलं की 'गंगा' आठवतं. त्याच वर्षी ३० जानेवारीला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ते फोकर लाहोरला पळवून नेलं होतं. प्रवासी परत आले, विमान तिथेच जाळलं गेलं आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून उडायला बंदी घातली. त्यामुळे "पैशासाठी विमान पळवलं आणि मधेच उडी मारली" हे त्यांना आधी थिल्लरच वाटलं. पण बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नदीकाठच्या वाळूत नोटा सापडल्या म्हटल्यावर चष्मा पुसून बसले.

संशयितांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी "आमचे काकाच कूपर" म्हणून पुढे येतं. त्या भानगडीत मी पडत नाही. जमिनीवर जाऊन पाहता येईल असा पुरावा दोनच ठिकाणचा आहे. १९७८ मध्ये कॅसल रॉकच्या पूर्वेला जंगलात एका हरणाच्या शिकाऱ्याला ७२७ चा जिना उघडण्याच्या सूचनांची पट्टी मिळाली. आणि १० फेब्रुवारी १९८० ला ब्रायन इन्ग्रम नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला कोलंबिया नदीच्या काठी, टेना बार नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर, शेकोटीसाठी वाळू सारखी करताना नोटांची तीन बंडलं मिळाली. विसाच्या शंभर, शंभर आणि नव्वद नोटा, म्हणजे ५,८०० डॉलर. नोटा कुजलेल्या, पण रबरबँड जागेवर. नंबर कूपरला दिलेल्या नोटांचे. बाकीच्या ९,७१० नोटांपैकी आजवर एकही कुठे आढळलेली नाही.

आता रस्ता. पोर्टलंडहून ३० नंबरच्या हायवेने निघा. वाटेत सॉवी बेट लागतं. तिथल्या वाळूवरून पलीकडचा वॉशिंग्टन राज्याचा काठ दिसतो, आणि टेना बार त्याच काठावर आहे. बेटाच्या किनाऱ्यांवर गाडी लावायला दिवसाचा परवाना लागतो. तो पुलाजवळच्या दुकानातच घ्या, पुढे मिळत नाही. वॉल्टन बीचवर थांबा. आणखी पुढे कॉलिन्स बीच लागतो, तिथे कपडे घालणं ऐच्छिक आहे. आई-बाबा बरोबर असतील तर ही माहिती गाडी वळवण्याआधी हवी.

तसंच पुढे सेंट हेलेन्स गाव. या सहलीतली सगळ्यात महत्त्वाची जागा माझ्या मते हीच, आणि कूपरच्या मागे आलेले बहुतेक लोक इथे येतच नाहीत, कारण इथे कूपरचं काहीही सापडलेलं नाही. नदीकाठच्या बागेत उभं राहा आणि आधी प्रवाहाची दिशा नक्की करा. कोलंबिया पश्चिमेला समुद्राकडे जाते हे डोक्यात पक्कं असतं, पण पोर्टलंडपासून लाँगव्ह्यूपर्यंत ती चक्क उत्तरेला वाहते. म्हणजे पोर्टलंड वरच्या अंगाला आणि सेंट हेलेन्स खालच्या. आता नकाशा उघडून समोरच्या काठावर लुइस नदीचं मुख शोधा. कूपर एरियल गावाजवळ, लेक मर्विनच्या आसपास उतरला असा तपासाचा पहिला अंदाज होता, आणि त्या सगळ्या भागाचं पाणी लुइस नदीने इथे येतं. टेना बार मात्र इथून वर, पोर्टलंडच्या बाजूला, जवळपास दहा मैलांवर.

बाबांनी नकाशा दोनदा फिरवून पाहिला. "म्हणजे पैसे नदीतून उलटे वर गेले?"

"भरती-ओहोटी पार बॉनविलच्या धरणापर्यंत जाणवते इथे," मी म्हणालो. "एक तर्क असाही आहे की एखाद्या जहाजाच्या पंख्यात बंडलं अडकली आणि वर आली."

"पंख्यात अडकलेल्या बंडलाचे रबरबँड शाबूत राहतात होय रे? आणि तिन्ही बंडलं एकाच जागी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या पंख्याच्या तर्कावर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

सेंट हेलेन्सला ऑक्टोबरमध्ये जाऊ नका. हॅलोविनच्या जत्रेसाठी गाव ओसंडतं आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. मे-जूनमध्ये बर्फाचं पाणी येऊन कोलंबिया फुगलेली असते आणि काठाची बरीच वाळू पाण्याखाली जाते. नोव्हेंबरात कूपरच्या तारखेला जाण्याची हौस असेल तर रेनकोट आणि अंधाराची तयारी ठेवा, साडेचारला सूर्य मावळतो.

रेनियर गावावरून लाँगव्ह्यूचा पूल ओलांडून आय-५ ला लागा. उत्तरेला कॅसल रॉक आहे, पण पट्टी मिळाली ती जागा जंगलात बरीच आत, लाकडाच्या ट्रकांच्या रस्त्यांवर. पाहायला काही नाही. आम्ही सरळ दक्षिणेला वळून वुडलंडला एक्झिट २१ घेतला. पेट्रोल, स्वच्छतागृह, जेवण इथेच उरकून घ्या. पुढे शाकाहारी माणसाची पंचाईत आहे. आमच्याकडे मेथीचे पराठे होते.

रस्ता क्रमांक ५०३ लुइस नदीच्या काठाने वर चढतो. एरियल म्हणजे पाच-पन्नास घरं झाडांत विखुरलेली. कूपरच्या नावाने दरवर्षी जिथे जत्रा भरायची ते गावातलं जुनं दुकान-कम-गुत्ता मालकीणबाई २०१५ मध्ये वारल्यानंतर बंद पडलं. हौशी तपासनीसांचं वार्षिक संमेलन, कूपरकॉन, आता शहरात भरतं. त्याची जागा बदलत असते, बघून जा. खरं थांबायचं ते मर्विन धरणाजवळच्या बागेत. धरण १९३१ चं. बाबांचा अर्धा तास सांडव्याकडे बघण्यात गेला, तो धरून चाला. वर पाहिलंत तर डोंगर उतारांवर फरच्या झाडांची भिंत. अशा अंधारात, पावसात, साध्या बुटांनी, ताशी तीनशेपेक्षा जास्त किलोमीटर वेगाच्या विमानातून उडी. नोटांचंच वजन दहा किलोच्या आसपास, आणि त्याने नेलेल्या छातीवरच्या पॅराशूटचं तोंड शिवलेलं होतं, ते प्रशिक्षणासाठीचं होतं. १९७२ च्या वसंतात फोर्ट लुइसच्या सैनिकांनी हा भाग पायाखाली घातला, तळ्यातही शोध झाला. हाती काही लागलं नाही.

यानंतर मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. ५०३ तसाच पुढे अँबॉयवरून बॅटल ग्राउंडला येतो. २००८ मध्ये अँबॉयजवळ मुलांना एक पॅराशूट मिळालं तेव्हा मोठी खळबळ उडाली. पण ते रेशमी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं निघालं. वेळ असेल तर सीडर क्रीकची १८७६ ची पाणचक्की बघा. तिचा कूपरशी काडीचाही संबंध नाही.

संध्याकाळी व्हँकुव्हर, म्हणजे वॉशिंग्टनमधलं, कॅनडातलं नव्हे. तिथून लोअर रिव्हर रोड. नकाशात टेना बार आणि टिना बार अशी दोन्ही नावं शोधा, एफबीआयच्या कागदांत दुसरं आहे. आता नीट वाचा: ती जागा खाजगी मालकीची आहे. फाटकावर पाटी आहे, शेत चालू आहे, आणि पन्नास वर्षांत लोकांनी तिथल्या माणसांना पुरेसा त्रास दिलेला आहे. कुंपण ओलांडू नका, मेटल डिटेक्टर घेऊन जाऊ नका. त्याऐवजी थोडं आधी लागणाऱ्या फ्रेंचमन्स बार या सार्वजनिक बागेत जा. काठ तोच, वाळू तीच, नदी तीच, आणि पार्किंगचे चार पैसे देऊन निवांत बसता येतं. बाग अंधार पडताना बंद होते.

तिथल्या वाळूत बाबांनी काठीने हातभर खड्डा केला आणि थर दाखवले. याच थरांवरून मोठा वाद आहे. १९७४ मध्ये नदीचा तळ उपसून तो गाळ टेना बारवर पसरला होता. १९८० मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ लिओनार्ड पामर यांनी सांगितलं की नोटा त्या गाळाच्या वरच्या थरात होत्या, म्हणजे १९७४ नंतर तिथे आल्या. पुढे एफबीआयने मोकळीक दिलेलं एक हौशी पथक आलं. जीवाश्म शोधणारे टॉम के, वैज्ञानिक चित्रकार कॅरोल अब्राझिन्स्कस आणि सोबती. त्यांनी पामर यांच्या थरावर शंका घेतली, रबरबँड उघड्यावर फार टिकत नाहीत हे करून पाहिलं, आणि कूपरने विमानात सोडलेल्या टायवरचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्यांत शुद्ध टायटेनियम निघालं, जे तेव्हा मोजक्या कारखान्यांत मिळायचं. टायबद्दल मी फारसा उत्साही नाही, टाय सेकंडहँडही असू शकतो. पण २०२० मध्ये त्यांनी नोटांवरच्या डायटमचा अभ्यास प्रसिद्ध केला तो मला सगळ्यात भक्कम वाटतो. डायटम म्हणजे पाण्यातली सूक्ष्म शैवालं, ऋतूप्रमाणे त्यांच्या जाती बदलतात. नोटांवर वसंत-उन्हाळ्यातल्या जाती सापडल्या, हिवाळ्यातल्या नाहीत. म्हणजे नोटा नोव्हेंबरच्या त्या रात्री भिजल्या नाहीत, निदान काही महिन्यांनी भिजल्या.

म्हणजे तोवर त्या कोरड्या होत्या. कुठे, कुणाकडे? "पिशवीत, झाडावर," बाबा म्हणाले. मला वाटतं माणसाच्या हातात. व्हँकुव्हरचा पूल ओलांडेपर्यंत आमचं एकमत झालं नाही.

ज्यांना वाहून येण्याचाच तर्क धरायचा आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी कॅमसला जावं. तिथे वॉशुगल नदी कोलंबियाला मिळते, व्हँकुव्हरच्या वर, त्यामुळे दिशा तरी जुळते. विमान समजलं होतं त्यापेक्षा पूर्वेला होतं असं मानणारे हाच भाग धरतात. सिॲटलहून येणाऱ्यांनी तिथल्या म्युझियम ऑफ फ्लाइटमध्ये ठेवलेलं पहिलंवहिलं ७२७ बघून निघावं. शेपटीखाली उभं राहिलं की जिन्याचा सगळा खेळ पाच मिनिटांत कळतो. निघण्यापूर्वी एफबीआयने खुले केलेले या प्रकरणाचे कागद थोडे तरी चाळा. ते फुकट आहेत, आणि ऐकीव गोष्टींपैकी निम्म्या तिथेच गळून पडतात.

आणि कुठे वाळूत विसाची जुनी नोट मिळालीच, तर कूपरच्या बहुतेक नोटांचे नंबर 'एल' अक्षराने सुरू होतात आणि पूर्ण यादी इंटरनेटवर आहे. जुळली तर पुसायला, धुवायला जाऊ नका. एफबीआयच्या जवळच्या कार्यालयाला फोन करा. तपास थांबवताना त्यांनी सांगितलं होतं की पैसे किंवा पॅराशूट मिळालं तर कळवा.