ऑइल जातंय कुठे?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस होते. चाळीसगावात धुळे रोडला माझं छोटं गॅरेज आहे. आबा त्यांची 1998 ची डिझेल जीप घेऊन आले, महिन्यात तिसऱ्यांदा. "पेडल खाले जास रे भो," एवढंच म्हणाले.

आधी दोनदा मी ब्रेक ऑइलची डबी भरून गाडी सोडली होती. तिथेच माझं चुकलं. चारही चाकांच्या आतून, पाइपांच्या जोडांवरून बोट फिरवलं होतं, सगळं कोरडं. लग्नसराईत दारात गाड्यांची रांग, त्यामुळे कोरडं दिसलं की पुढची गाडी. पण ब्रेक ऑइल काही उन्हानं उडत नाही, आपल्या खान्देशातल्या उन्हानंही नाही.

या वेळी आबा मुराळी म्हणून निघाले होते. पोरगा पुण्याला, म्हणून लेकीला आणायला स्वतःच. दुसऱ्या दिवशी कन्नडचा घाट चढायचा आणि येताना लेक, दोन नातवंडं घेऊन तोच उतरायचा. मी चावी काढून खिशात टाकली.

पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलतो तो मास्टर सिलेंडर. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरच्या डब्यावर तो दोन नटांनी बसलेला असतो. तो सोडून बाहेर घेतला, तर मागचं तोंड ओलं आणि त्याखाली बूस्टरचा काळा रंग फुगून पापुद्रे सुटलेले. हे ऑइल रंग खातं. बूस्टरमध्ये बारीक नळी घालून सिरिंजनं ओढलं. चहाचा कप भरला, काळ्या ऑइलनं. मागच्या रबरातून थेंब थेंब बूस्टरच्या पोटात जात होतं, बाहेर टिपूस नाही.

"किट टाक अन् दे," आबा म्हणाले. म्हणजे जुन्याच सिलेंडरात नवी रबरं. मलाही तेच हवं होतं. पण सिलेंडर धुऊन आत नख फिरवलं, तर एका जागी अडकलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. वर्षानुवर्षं बदललं नाही की आत गंज धरतो, खड्डे पडतात. त्यावर नवं रबरही कापलं जाणार. मी आबांनाच नख फिरवायला लावलं. मग ते किटचं नाव काढेनात.

नवा सिलेंडर गावात नव्हता. धुळ्याच्या दुकानदारानं एसटीत पार्सल टाकलं, ते आलं दिवेलागणीला. तोवर बूस्टर पुसून कोरडा केला. नवा सिलेंडर आधी व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढली, मग गाडीवर चढवला. मग पाइपांतली हवा काढायला पेडलवर आबा, खाली मी. लांबचं मागचं डावं चाक आधी. "दाबा... धरा..." मी निप्पल, म्हणजे चाकाजवळचा हवा सोडायचा स्क्रू, आवळायच्या आत आबांनी पाय उचलला आणि हवा परत आत. तीनदा. शेवटी शेजारच्या चहावाल्याच्या पोराला बसवलं.

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबलं, दाबून धरलं आणि स्टार्टर मारला. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं. बूस्टर शाबूत होता. तरी त्याचा पडदा ऑइलात भिजलेला, आखाजी झाली की बदलायचा असं बजावलं. डबीवर ऑइलच्या पातळीला पेनानं रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सांजेला हॉर्न वाजला. मागे लेक, पिशव्या, झोपलेली पोरं. आबा काही बोलायच्या आत मी बॉनेट उघडून टॉर्च मारला. ऑइल रेघेवरच होतं.

"काय झालं हो गाडीला?" लेकीनं विचारलं.

"काय नही व माय," आबा म्हणाले, "तो असाच बघत राहास."