भर पावसात कल्याण ते नाशिक: थळ घाट, सराफ बाजार आणि गोदाघाट

जुलैच्या मुसळधार पावसात रेल्वेने नाशिकला गेलो, येताना रस्त्याने घाट उतरलो. धबधबे बघायचे होतेच, पण एवढ्या पाण्यात ही वाट टिकते कशी, हे जास्त बघायचं होतं.

कसाऱ्याला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. पुढे थळ घाटात, म्हणजेच कसारा घाटात, 37 फुटांना 1 फूट असा उभा चढ. इथली रेल्वे 1865 ची. गाडी संथ चढते, त्यामुळे सगळं नीट दिसतं: कड्यांवर ठोकलेल्या लोखंडी जाळ्या, तारेच्या जाळीत दगड भरून रचलेल्या भिंती आणि रुळांलगतची गटारं. या गटारांकडे फारसं कुणी बघत नाही, पण माझ्या मते घाट त्यांच्याच जिवावर उभा आहे. कड्याच्या भेगांत पाणी कोंडलं की माती सुटते, दरड येते. रुळाखाली साचलं की खडी आणि भराव वाहून जातो. म्हणून पावसाळ्याआधी हिल गँगची माणसं कड्यावर चढून सुटे दगड स्वतःच पाडून टाकतात आणि पाऊस लागला की गस्तवाले रात्रंदिवस रुळांवरून चालतात. रेनकोट घातलेला असा एक जण बोगद्याच्या तोंडाशी उभा दिसला. आपण खिडकीत बसून भजी खातो ती या माणसांच्या भरवशावर.

तरी निसर्ग कधी भारी पडतोच. जुलै 2021 मध्ये एका रात्रीत कसाऱ्याजवळच्या उंबरमाळीला रूळ पाण्यात गेले, घाटात दरडी कोसळल्या, गाड्या बंद पडल्या. अशा वेळी कामाला येते ती दुसरी वाट. रेल्वेला घाटात अप, डाऊन आणि मिडल असे तीन मार्ग आहेत. रस्त्याला जुना आणि नवा असे दोन घाट आहेत. जून 2025 पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पाही सुरू आहे, त्यात सुमारे 8 किलोमीटरचा बोगदा. आत ना धुकं, ना दरडीची भीती. पण म्हणून जुन्या घाटाची डागडुजी मागे पडता कामा नये. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, आणि घाटातल्या पाड्यांना जवळचा रस्ता तोच.

पाण्याची वाट सांभाळण्याचा तोच धडा नाशकात सराफ बाजारात मिळतो. सरस्वती नाल्यावर शहर उभं राहिलं, पण जोराचा पाऊस झाला की नाल्याचं पाणी बाजारातून वाट काढतंच. 2027 च्या कुंभमेळ्यासाठी रस्ते-पूल होताहेत, त्यांच्याइतकीच निगा नाल्यांची आणि मोऱ्यांची व्हावी, असं फार वाटतं.

जाणाऱ्यांसाठी: निघण्याआधी गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग चालू आहे ते बघा. नाशिककर पूर मोजतात गोदावरीच्या काठावरच्या, म्हणजे गोदाघाटावरच्या, दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी त्याच्या कमरेपर्यंत आलं असेल तर गोदाघाटावर उतरू नका, आणि एरवीही पावसात गाडी तिथे लावून फिरायला जाऊ नका. रामसेतूसारखे बुटके पूल आधी बुडतात. नाशिकरोडहून पंचवटीला जायचं तर द्वारका चौकावरून महामार्गाने कन्नमवार पूल गाठावा.

घाटात धबधब्यासाठी कड्याला चिकटून गाडी थांबवू नका, दगड नेमके तिथेच पडतात. वळणावर ताजी माती, बारीक खडी किंवा अचानक गढूळ झालेलं पाणी दिसलं तर थांबू नका, पुढे सरका. दुचाकीवाल्यांनी घाट उजेडातच उतरावा.

रेल्वेने जाणार असाल तर 139 वर चौकशी करूनच निघा. गाडी 3 तासांहून जास्त उशिरा असेल आणि जायचं नसेल, तर ती सुटण्याआधी टीडीआर (पैसे परत मागण्याचा अर्ज) भरा, पूर्ण पैसे परत मिळतात. परतीची शेवटची गाडी धरू नका, तिच्या आधीची धरा. ती रद्द झाली तरी एसटी मिळण्याइतका दिवस हाताशी राहतो.