तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मला संगीत नाटकात कोण घेणार?’

‘शास्त्रीय गाणं शिकले नाही, बोलण्यात गावचा हेल आहे, रंगानं सावळी आहे. संगीत नाटकात मला कोण घेणार?’ ऑडिशनची जाहिरात लागली की बदलापूर-विरारकडच्या मुलींचा हा प्रश्न हमखास येतो. घेतात. मात्र निवड करणाऱ्यांनी आधी आपली पद्धत बदलायला हवी, आणि तुम्हीही ती बदलून मागायला हवी.

सगळ्यात जास्त मुली पट्टीवर, म्हणजे गाण्याचा ‘सा’ किती उंच धरला त्यावर, बाद होतात. ऑर्गनवादक जुन्या रेकॉर्डची पट्टी धरतो, तार गंधारावर (वरच्या सप्तकातल्या ‘ग’वर) गळा फाटतो आणि शेरा पडतो, ‘आवाज नाही’. निवड करणाऱ्यांनो, आधी तिचा सा शोधा. तिला एक ओळ सहज गुणगुणू द्या. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला ‘प’) ऐकू येईल आणि तार मध्यमाला (वरच्या ‘म’ला) ओरडावं लागणार नाही, असा षड्ज, म्हणजे सा, धरा. बायकांचा तो बहुधा ऑर्गनच्या काळी चार ते काळी पाच या पट्ट्यांच्या दरम्यान सापडतो. जाड गळ्याला काळी तीन किंवा पांढरी चारही शोभते. ‘मूळ पट्टी’चा आग्रह धरणाऱ्यांची मला गंमत वाटते. 1911 साली ‘मानापमान’ हे संगीत नाटक आलं तेव्हा त्याची नायिका भामिनी रंगवली बालगंधर्वांनी. ती पट्टी पुरुषाच्या गळ्याची. गायिका-अभिनेत्री ज्योत्स्ना भोळे 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’मधून मुंबईच्या रंगमंचावर आल्या, तोवर बायकांच्या बहुतेक भूमिका पुरुषच करत होते. पट्टी अर्ध्या सुरानं उतरवली म्हणून पदाचा अपमान होत नाही.

गायला काय सांगायचं? नाट्यपदाचं फक्त ध्रुवपद, आणि त्याबरोबर तिच्या आवडीचं काहीही: ओवी, अभंग, लावणी, पोवाडा. भजनी मंडळात तयार झालेल्या गळ्याला फेक असते, म्हणजे आवाज लांबवर पोहोचतो; ती माइकवर शिकलेल्या गळ्याला क्वचितच मिळते. छोट्या ताना तालमीत बसवता येतात, सूर ऐकणारा कान मात्र आधीच लागतो. म्हणून जाहिरात दादरच्या नाट्यगृहाबाहेर चिकटवून थांबू नका. लालबाग-परळच्या भजनी मंडळांत आणि मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीतही ती पोहोचवा.

खरी परीक्षा गद्यातून, म्हणजे संवादातून, पदात शिरण्याची. दोन वाक्यं आणि लगेच ध्रुवपद, एवढं पुरतं. चुकतं ते इथेच: वाक्य संपतं, मुलगी खाकरते, ऑर्गनची वाट बघते आणि प्रसंग विझतो. शेवटच्या वाक्याखाली ऑर्गननं सा धरून ठेवावा आणि तिनं शेवटचा शब्द त्याच्या जवळ आणून सोडावा. एकदा दाखवा, मग पुन्हा करायला लावा. दुसऱ्या वेळी जमतंय का, त्यावरून कळतं तिला शिकवता येईल की नाही.

भाषेचं तसं सोपं आहे. न-ण, ळ-ल यांचा घोळ तीन-चार आठवड्यांत बराच सुटतो. रोज वीस मिनिटं एकच उतारा मोठ्यानं वाचायचा, सुरुवातीला संथ. हेल जायला जास्त वेळ लागतो, कारण तो बोलण्यातला सूर आहे. त्यासाठी शब्द बाजूला ठेवून वाक्याचा चढउतार नुसत्या ‘अ’काराने म्हणावा. पात्रच कोकणातलं किंवा खानदेशातलं असेल तर हेल मुळीच घालवू नका. एरवी आपल्याकडे हे हेल विनोदी नोकरालाच देतात, आणि मला त्याचा राग येतो.

रंगभूषेत सावळ्या चेहऱ्यावर फिकट पॅनकेक (रंगभूषेचा थर) फासलं की प्रकाशात तो राखेसारखा दिसतो आणि मान वेगळी पडते. शेड मानेला जुळवा, प्रयोगाच्याच दिव्यांत बघून.

आता पैसे आणि वेळ. नाईट (एका प्रयोगाचं मानधन) किती, तालमीचा भत्ता आहे का, हे जाहिरातीतच छापा. बिनपैशाच्या दोन महिन्यांच्या तालमी फक्त घरचा आधार असलेल्या मुलीलाच परवडतात. कामाच्या दिवशी सकाळी अकराला ऑडिशन ठेवलीत तर नोकरी करणारी मुलगी येणारच नाही. रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर, दादर स्टेशनजवळ ठेवा आणि साडेनऊला उरका, म्हणजे तिला लोकल मिळेल. जिना असेल तर तेही कळवा. नकार द्यायचा झाला तर कारण एका वाक्यात सांगा: पट्टी, लय की गद्य. पुढच्या वेळी कशाची तयारी करायची, ते तिला कळेल.