मन्याचं पथ्य आणि बांगडा

मन्या तेरा वर्षांचा बोका. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा कचरा) 3.4, म्हणजे किडनीचा आजार तिसऱ्या टप्प्यात. मळमळ थांबल्यावर मी त्याला पथ्याचं खाणं लिहून दिलं: फॉस्फरस कमी, प्रथिनं मोजकी पण चांगली. जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत न्या, हेही बजावलं. पण आजी शिस्तीच्या. पथ्य म्हणजे पथ्य! मन्याचा बांगडा एका दिवसात बंद.

मग एका सकाळी त्या टोपली घेऊन हजर. "दोन दिवस तोंड लावलं नाही हो डॉक्टर. म्हटलं, भूक लागली की खाईल झक मारत."

कुत्र्याच्या बाबतीत हे एकवेळ खपतं. मांजर मात्र खरंच उपाशी राहतं. मग अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते, आणि किडनी राहते बाजूला, लिव्हरच बसतं. त्यात मन्या अजूनही चांगला गुबगुबीत. हिरड्या पाहिल्या, कान उलटून पाहिले. पिवळेपणा नव्हता.

"पथ्य राहू दे. आधी याला बांगडा द्या."

आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. घर रत्नागिरीतच, दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. नातू धावत जाऊन उकडलेला बांगडा घेऊन आला. मीठ नाही, हळद नाही. तोवर मी विचारलं, गोळी कशातून देता?

"त्याच्याच खाण्यात. पथ्याचे कोरडे दाणे भिजवायचे नि गोळी कुस्करायची."

इथेच घोडं पेंड खात होतं. कडू गोळी आणि नवा वास, दोन्ही एकाच वाटीत. मांजर अशी वाटी विसरत नाही.

आजींनी काटे काढून बांगडा बोटांनी कुस्करला. मन्याने आधी बोटंच चाटली, मग बशी. त्याच हातांनी मी त्यांना पथ्याच्या ओल्या खाण्याचं नखभर कालवायला लावलं. पाकीट गरम पाण्यात बुडवून कोमट केलेलं, कारण मांजर नाकाने जेवतं. फ्रिजमधल्या गार खाण्याला वासच नसतो. मन्या थबकला, मिशा हलवल्या, आणि बशी साफ.

गोळी तेव्हापासून वेगळी, थेट तोंडात. बांगडा काही आठवड्यांत चमचाभरावर आला. कोरडे दाणे मात्र त्याने कायमचे वाळीत टाकले. ते पाकीट आजींनी माझ्याकडे आणून दिलं. दुसऱ्या एका किडनीवाल्या मांजरीला ते भलतंच आवडतंय.