एक दाणा, एक घागर

औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात मी ग्रामसेवक होतो. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपात जुनं गाव पडलं, नवं माळावर वसलं. रस्ते रुंद, घरांपुढं मोकळी जागा. राहायला बरं, पण पाइपलाइन टाकताना हीच मोकळीक महागात पडते.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाचा आराखडा ठेवायचा होता. पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी तेव्हा बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. त्यातून मुख्य रस्त्याकडेचं गटार घ्यायचं, असं सदस्यांशी बोलून मी मसुद्यात लिहिलं होतं. आदल्या दिवशी महिला सभा. कित्येक ठिकाणी घरोघर रजिस्टर फिरवून सह्या घेतात आणि सभा झाली म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही.

शाळेच्या पटांगणात आशाताईंनी रांगोळीनं गाव काढलं. टाकी, मारुतीचं देऊळ, गल्ल्या. पाणी किती येतं विचारलं तर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. तेव्हा वरच्या गल्लीतल्या एक मावशी घरी जाऊन पदराच्या ओट्यात ज्वारी घेऊन आल्या. "एक दाणा, एक घागर. काल नळाला जेवढं आलं तेवढंच ठेवा. खोटं नका ठेवू."

टाकीजवळच्या घरांवर दाण्यांचे ढीग झाले. वरच्या गल्लीत चार, तीन, चार. एका घरावर दाणाच नाही.

"खालचे मोटारी लावून ओढतेत," कुणीतरी म्हणालं आणि भांडण पेटलं. खालची एक बाई तावातावानं म्हणाली, "मोटार काढली तर आमच्याकडंबी येईना गेलंय, भाऊसाहेब!" तिचंही खरं होतं. टाकीतून एकच लाइन निघालेली, सगळ्या गल्ल्या तिच्यावर. वरच्या गल्लीला वेगळा व्हॉल्व्हच नव्हता. विहीर तर काठोकाठ भरलेली.

मी हिशेब केला. घागर साधारण 15 लिटरची. चार घागरी म्हणजे 60 लिटर, सहा माणसांच्या घराला. जलजीवन मिशनचं माप माणशी 55 लिटर. माझ्या रजिस्टरात मात्र दोन्ही गल्ल्यांत घरोघर नळ होता, आणि त्या रजिस्टरावरूनच मी मसुदा केला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जो आकडा कमी तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. बरेच आराखडे तसेच मंजूर होतात. त्या दिवशी बायकाच सत्तरच्या वर आल्या. मावशींनी दाण्यांचा हिशेब तोंडपाठ सांगितला. गटारवाल्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं, सांडपाणी त्यांच्या दारातच साचायचं. तासभर वाद झाला. शेवटी ठरलं, या आराखड्यात टाकीपासून वरच्या गल्लीला स्वतंत्र लाइन आणि व्हॉल्व्ह, गटार त्याच्या पुढच्या वर्षी. ठरावाच्या सूचक मावशी, अनुमोदक ती खालच्या गल्लीतली बाई.

मोजमापाला शाखा अभियंता आले तेव्हा टेपचं दुसरं टोक मावशींनी धरलं होतं. आता गल्ल्यांना पाळीनं पाणी सुटतं. वरच्या टोकाच्या दोन घरांना अजून बारीकच येतं. माझी बदली झाली तेव्हा ते काम आराखड्यात पहिल्या नंबरावर लिहून आलोय.